काकांची बारा पावलं

रस्ता ओलांडणारा तो म्हातारा म्हणजे सिद्रामप्पाकाका आहेत हे ओळखायला राजेश्वरीला थोडा वेळ लागला, आणि ओळखल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. पार्क चौकात सोमवारची साडेदहाची गर्दी होती. सिग्नल सुटायच्या बेतात होता, रिक्षा पुढं सरकायला लागल्या होत्या, आणि काका धोतराचा सोगा एका हातात धरून त्यांच्यामधून झपाझपा पलीकडं चालले होते. एकानं हॉर्न मारला, तर त्यांनी मानसुद्धा न वळवता दुसरा हात वर करून त्याला थांबवलं. हातात काठी नव्हती. एक्याऐंशी वर्षांचा माणूस! आणि राजेश्वरी चौसष्ट वर्षांची, ती अजून अलीकडच्या कडेलाच, पिशवी पोटाशी धरून रस्ता मोकळा व्हायची वाट बघत उभी. 'काका!' अशी हाक घशापर्यंत आली आणि तिथंच राहिली. का राहिली ते तिला त्या वेळी कळलं नाही. तिचं लक्ष काकांच्या पायांकडं गेलं होतं. लांब, सरळ, टाच आधी टेकणारी पावलं. एकेक दोन-अडीच फुटांचं तरी असेल, असं तिच्यातल्या बाईनं, म्हणजे चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत इतिहास आणि अडीनडीला गणित शिकवलेल्या बाईनं, लगेच मोजून टाकलं. आणि आकडा चुकला असावा म्हणून पुन्हा एकदा मोजलं.

कारण चैत्रात याच काकांचा हात धरून ती वळसंगच्या शेतात चालली होती. बारा पावलं. त्या बारा पावलांना पाव तास लागला होता. काका एक पाय उचलायचे, हवेत जरा थरथरता ठेवायचे, मग दुसऱ्या पायाशेजारी, त्याच्यापेक्षा जेमतेम वीतभर पुढं टेकवायचे आणि दम घ्यायचे. तिचं सगळं लक्ष ते पडू नयेत याच्याकडं. अव्वा, म्हणजे तिची आई, घरात जे कन्नड बोलायची त्यातले चार शब्द राजेश्वरीच्या तोंडात अजून शिल्लक आहेत, जिवाला घोर लागला की तेच आधी येतात. सावकाश म्हणायच्या ऐवजी ती अव्वासारखी म्हणत होती, "निधान, काका, निधान." प्रत्येक पावलाला म्हणत होती. गुरुशांत, तिचा धाकटा भाऊ, समोर चुन्याची घमेली घेऊन उभा होता आणि काकांचं बारावं पाऊल पडलं तिथं त्यानं वाकून चुना टाकला. त्याचे डोळे भरून आले होते. तिचेही आले होते. तेव्हा तिला वाटलं होतं, आप्पा, तिचे गेलेले वडील, हे बघत असतील तर त्यांना केवढं समाधान होत असेल.

सिग्नल पुन्हा लाल झाला तशी ती रस्ता ओलांडून काकांच्या मागं निघाली. खरं तर जायचं होतं छापखान्यात. पिशवीत प्रुफं होती आणि मायाप्पा छापखान्यात बसून वाट बघत असणार. हा मायाप्पा तिचा प्रकाशक. शाळांच्या ग्रंथालयांसाठी जगातल्या भल्या माणसांची चरित्रं तो काढतो आहे, चार-चार पानांची, आणि पेन्शनीत निघालेल्या बाई हौसेनं लिहून देतात म्हणून तिच्या गळ्यात ते काम घातलं आहे. पाच झाली. हे सहावं, विल्यम पेनचं. तीनशे-साडेतीनशे वर्षांमागं अमेरिकेत एक वसाहत वसवणारा, क्वेकर पंथाचा माणूस. सोलापुरात तो कुणाला माहीत असायचं काही कारण नाही. तिला माहीत होता कारण तो तिच्या घरात भिंतीवर होता. आप्पा मिशनच्या शाळेत शिकलेले, तिथल्या कुणा मास्तरांनी जाताना त्यांना एक तसबीर दिली होती. मोठ्या काठाची टोपी घातलेला एक गुबगुबीत साहेब झाडाखाली उभा आहे, समोर पिसं ल्यालेले तिथले मूळचे लोक, आणि कुणाच्याच हातात शस्त्र नाही. वळसंगच्या घरात बसवण्णांच्या शेजारी हा साहेब. लग्न होऊन आलेल्या अव्वाला तो कुणी शरण, बसवण्णांच्या वाटेवरचा संत, वाटला आणि तिनं काचेवर त्याच्या कपाळाला विभूती लावली. आप्पांनी तिला कधी अडवलं नाही. ते म्हणायचे, लाव की, माणूस त्या लायकीचाच होता. राजासमोरसुद्धा टोपी काढली नाही त्यानं. आणि शपथ घेतली नाही. त्याच्या पंथात शपथ घेतच नाहीत, कारण शपथ घेतली म्हणजे एरवी आपण खोटं बोलतो हे कबूल केल्यासारखं होतं. त्या झाडाखाली त्यानं त्या लोकांना नुसता शब्द दिला म्हणतात, आणि तो जिवंत असेपर्यंत पाळला.

काका पुढं चालले होते. किल्ल्याच्या बाजूनं सिद्धेश्वरांकडं जायचा रस्ता, सोमवार, म्हणजे ते देवळात जाणार हे उघड होतं. ती वीसेक हात मागं राहून चालत होती आणि आपण त्यांची पावलं मोजतो आहोत हे तिच्या उशिरा ध्यानात आलं. चाळीस, एक्केचाळीस. आपल्या काकाच्या मागं चोरून चालणारी बाई. तिला स्वतःची लाजही वाटली. म्हातारा माणूस बरा झाला तर नात्यातल्या माणसानं साखर वाटायची की पावलं मोजायची? पण पाय मोजतच राहिले. काकांच्या एका पावलात तिची सव्वा पावलं जात होती. चैत्रात त्यांच्या एका पावलात तिचं अर्धंही जात नव्हतं, ती एकाच जागी दोन्ही पाय जुळवून उभी राहायची. हा हिशेब तिच्या शरीराला पाठ होता, डोक्याला आत्ता कळत होता.

शेत विकायला तिची हरकत कधीच नव्हती. वळसंगचं शेत गुरूनं प्लॉटिंगला द्यायचं ठरवलं तेव्हा तिनंच त्याला धीर दिला. तिला वाटा नको होता. लग्न केलेलं नाही, पोरंबाळं नाहीत, ती वाटा घेऊन करणार काय? अव्वा आजारी पडली तेव्हा गुरू सहा वर्षांचा होता आणि ती अठराची. त्याला तिनं न्हाऊ-माखू घातलं, वाढवलं, शिकवलं, आणि त्यात स्थळं सांगून यायची वर्षं निघून गेली. याबद्दल तिनं कुणाला बोल लावला नाही, पण विसरलीही नाही. तिनं एकच मागितलं होतं. शेताच्या मधोमध आप्पा आणि अव्वा शेजारी शेजारी बसलेले आहेत. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून, तळहातावर लिंग देऊन, आपल्या मातीत बसवतात. वर दगडी कट्टा आहे, कट्ट्याच्या मधोमध लिंग. तिला त्यांच्या शेजारी बसायचं होतं. नवऱ्याचं शेत असतं तर तिथं बसली असती. शहरात समाजाची रुद्रभूमी आहे, तिथंही जागा मिळाली असती, कुणी नाही म्हटलं नसतं. पण कायमचं अनोळखी लोकांत बसायचं म्हटलं की तिच्या जिवावर यायचं. आयुष्यभर स्टाफरूममध्ये बसली तेवढं पुरे झालं. गुरूला हे सांगताना ती लाजली होती, नवी साडी मागावी तशी. तो लगेच म्हणाला होता, "आक्का, हे काय मागणं झालं व्हय? लिंगापासनं चारी बाजूला बारा-बारा पावलं तुजी. आप्पानी मोजली हुती तशीच."

आप्पांनी खरंच मोजली होती. अव्वाला बसवलं त्या दिवशी, सगळे हातपाय धुवायला विहिरीकडं गेले तेव्हा, आप्पा एकटेच मागं राहिले आणि चारी दिशांना बारा-बारा पावलं चालून आले. म्हणाले, एवढी घरच्या माणसांची. आप्पा उंच होते. त्यांच्या बारा पावलांत अव्वा मावली, पुढं ते स्वतः मावले, आणि आणखी चार माणसं सहज मावतील एवढी जागा चारी बाजूंना उरली. कुठं लिहून ठेवलं नाही. लिहायची त्यांच्यात रीतच नव्हती. कुणी पोर भांडणात देवाची शपथ म्हणालं की आप्पा त्याला जेवायला बसू द्यायचे नाहीत. आधी शब्द मागं घे म्हणायचे. बोललं की झालं. राजेश्वरीनं हे आयुष्यभर पाळलं, आणि पाळण्याचा तिला गर्व होता, हे आज रस्त्यानं चालताना तिला दिसत होतं. हक्कसोडपत्रावर सही करायला ती कचेरीत गेली तेव्हा वकिलानं चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "बाई, समाधीच्या जागेचं काही वेगळं लिहून घ्यायचं का? दोन ओळी टाकू." तिनं मान ताठ करून सांगितलं, "आमच्यात लिहीत नाहीत. बोललं की झालं." तेव्हा गुरू खाली बघत होता. तिला वाटलं, भरून आलंय बिचाऱ्याला. त्या कचेरीत, त्या फाटक्या खुर्चीवर, तिला स्वतःबद्दल इतकं छान वाटलं होतं की आपण त्या तसबिरीतच उभ्या आहोत असं वाटावं. न वाचता तिनं सही केली.

तळ्याकाठी ऊन होतं, पण वारं गार होतं. काका देवळाकडच्या वाटेला लागले. आता त्यांना आणखी सोपं झालं, गर्दी नव्हती, आणि त्यांची पावलं आणखी लांब पडायला लागली. राजेश्वरीला धाप लागली. पिशवीतली प्रुफं मांडीवर आपटत होती आणि त्यातलं चौथं पान, त्यावरची लाल रेघ, तिला न बघता दिसत होती. सकाळी तिनंच मारली होती. मायाप्पाचा फोन आला होता, "बाई, पाचव्या पानावर जातंय. शेवटचा परिच्छेद काढून टाका की. पोरांची भानगड कशाला? चांगल्या माणसाचं चांगलं ऱ्हाऊ द्या." भानगड म्हणजे पेनच्या मुलांची. बाप गेल्यावर मुलांनी एक जुनाट कागद बाहेर काढला. त्या कागदात म्हणे तिथल्या लोकांनी पेनच्या वेळी जमीन देऊ केली होती, एक माणूस दीड दिवसात चालेल तेवढी. त्या लोकांनी मान्य केलं. बापाला ते ओळखत होते, आणि चालणं म्हणजे काय तेही त्यांना ठाऊक होतं. माणूस चालतो, झाडाखाली बसतो, खातो, चिलीम ओढतो, पुन्हा चालतो. मुलांनी आधी जंगल तोडून वाट करून ठेवली आणि पळणारे तीन गडी भाड्यानं आणले. बघायला बरोबर निघालेले ते लोक मागं पडले, अरे हे चालणं नाही म्हणत राहिले. तिघांतला एकच गडी शेवटापर्यंत टिकला, पण तेवढ्यानं भागलं. त्या लोकांना आपलं घर सोडून जावं लागलं. हा परिच्छेद तिनं सकाळी लाल रेघेनं कापला, चहा पीत पीत, आणि कापताना तिला कशाचीही आठवण झाली नव्हती. आत्ता, काकांच्या मागं धापा टाकताना, तो कापलेला परिच्छेद सबंधच्या सबंध तिच्या आत उभा राहिला. ती वाटेतच थांबली. मागून येणारी एक बाई तिला धडकली आणि बडबडत पुढं गेली.

जमीन घ्यायची असेल तर पळणारा माणूस लावायचा. द्यायची असेल तर?

नाही, असं नसेल. तिनं मान हलवली. गुरू असा नाही. मोजायचं कुणी हे ठरताना तो काय म्हणाला होता, ते तिनं शब्दन् शब्द आठवून पाहिलं. "मी मोजली तर लोक म्हणतील भावानं मोजली. तू मोजलीस तर म्हणतील बहिणीनं. घरात मोठं कोण हाय? काका. त्यांचा पाय लागू दे." याच्यात खोटं काय होतं? घरातल्या वडीलधाऱ्याला मान दिला. त्या दिवशी तिनं आपण होऊन काकांच्या पायाला हळद लावली होती. लिंगापासून पहिली पाच पावलं तर कट्ट्यावरच गेली, दोन कट्टा उतरण्यात गेली, आणि उरलेल्या पाचांत काका मातीवर कितीसे आले? तिनं डोळे मिटले. शेवटी गुरूनं चुना टाकायला वाकून हात टेकला तो कट्ट्यालाच टेकला. एक हात चुन्याच्या घमेलीवर, एक हात कट्ट्यावर. तेवढंच अंतर, आणि तेच माप बाकीच्या तीन बाजूंना. कट्ट्याला फेरी घालता येईल, एवढीच जागा. आषाढात त्यानं बांधून काढलेल्या भिंतीचा फोटो पाठवला तेव्हा तिला ती जागा मोठी वाटली होती, कारण फोटोत सगळंच मोठं वाटतं, आणि कारण तिला ती मोठी वाटायला हवी होती. भिंतीपलीकडचे प्लॉट तेव्हाच गेलेले होते. त्या भिंतीच्या आत आता माणूस बसवायला खड्डा घेता येणार नव्हता.

काका देवळाच्या आवारात हातपाय धुऊन, दर्शन घेऊन, कडेच्या पायरीवर उन्हाला बसले होते. राजेश्वरी त्यांच्यासमोर जाऊन वाकली. "शरणु, काका."

"कोन? राजव्वा!" काकांचा चेहरा असा फुलला की तिला त्यांच्याकडं बघवेना. "आगं तू हितं कुटं? ये, बस की. एकटीच?"

"चौकापासनं तुमच्या मागंच हाय. किती जोरात चाललात. मला गाठता आलं नाही."

"व्हय? मग हाक मारायची की गं!" काकांनी दोन्ही मांड्यांवर थापा मारल्या. "दोनी नवे हायत. लोखंडाचे. जेष्ठात बसवले. दिवाळीपासनं हितं लेकीकडं, श्रीदेवीकडंच हाय. डाक्टर म्हणला, रोज चाला, तर रोज येतोय तळ्याला. चनबसप्पा असता तर म्हणला असता, सिद्रामा, तू काय आता मरत न्हाईस."

चनबसप्पा म्हणजे आप्पा. राजेश्वरी हसली, हसायला हवं होतं म्हणून. मग म्हणाली, "जेष्ठात ऑपरेशन झालं, आणि मला कुणी कळवलं नाही."

"गुरूच नको म्हणला. म्हणला, आक्काला कळवू नका, धावत यील, दवाखान्यात बसून ऱ्हाईल, तिचं बीपी हाय. लई जीव हाय पोराचा तुज्यावर."

"तेव्हाच कसं काढलं ऑपरेशन?"

"तेव्हाच कुटलं? फाल्गुनातच करायचं हुतं की. तारीखबी मिळाली हुती." काका पायांवरचं पाणी पंच्यानं टिपत होते, सगळं सांगण्याजोगं आहे अशा थाटात सांगत होते. "पन गुरू म्हणला, काका, जरा थांबा. आधी आक्काची मोजणी तुमच्या पायानं हू द्या, मग गुडघे. आपरेशनचं काय, म्हाताऱ्या मानसाचं कायबी हुतं. मला पटलं. तीन म्हयनं दुखणं काढलं, पन पोरानं मान दिला न्हवं? आजकाल कोन देतं?"

आधी मोजणी, मग गुडघे. राजेश्वरी पायरीवर बसली. फसवलं त्यानं मला. हे वाक्य तिच्या मनात असं सरळ, कोरडं उमटलं, शाळेच्या फळ्यावर तारीख लिहावी तसं. पण ते पुरेना. भाऊ बहिणीला फसवतो, घरोघरी फसवतो, चोळी-बांगडीवर सही घेतो. तिच्या शाळेतल्या निम्म्या बायकांचं तेच झालं होतं आणि प्रत्येकीला ती म्हणाली होती, लिहून घ्यायचं होतं गं. ते तिला सहन झालं असतं. आणखी काहीतरी होतं, खालून वर येत होतं, आणि ती त्याला येऊ देत नव्हती. मग ते आलंच. बांधावरची सकाळ. गुरू नऊ वर्षांचा, खांद्यावर दप्तर, तिच्या पुढं पुढं उड्या मारत. शाळेपर्यंतच्या तीन मैलांत तिनं त्याला किती गोष्टी सांगितल्या त्याला गणती नाही, आणि त्यातली एक टोपीवाल्या साहेबाच्या पोरांची. दीड दिवस, तोडलेलं जंगल, पळणारे तीन गडी. तिला वाटलं होतं, पोरगं हळवं आहे, रडेल. गुरू उड्या मारायचा थांबला. मग वळून म्हणाला, "आक्का, मग त्या लोकांनी सांगायचं हुतं की, आमचा म्हातारा चालंल तेवढी घ्या. म्हाताऱ्याला कोन न्हाय म्हणंल?" राजेश्वरी खदखदून हसली होती. त्याच्या पाठीवर थाप मारली होती, "शाब्बास रे! केवढा हुशार आहेस तू!" संध्याकाळी कौतुकानं आप्पांना सांगितलं. आप्पा हसले नाहीत. तसबिरीकडं बघून म्हणाले, "राजव्वा, पोरगं गोष्टीतनं काय उचलतंय ते बघत जा." तिला राग आला होता. नऊ वर्षांचं लेकरू ते. तिनं त्याला त्या दिवशी जास्तीचा गुळ-शेंगदाणा दिला.

"काय गं, दम लागला?" काकांनी विचारलं. "पानी आनू?"

"नको. काका, मला चालून दाखवता? त्या दिवसासारखं. बारा पावलं."

काकांना याच्याइतकी आनंदाची गोष्ट दुसरी नव्हती. ते उठले, सोगा खोचला, आवाराच्या फरशीवर एका टोकाला जाऊन उभे राहिले आणि शाळेतल्या पोरासारखे मोठ्यानं कन्नडात मोजत निघाले. ओंदु, येरडु, मूरु. दर्शनाला आलेल्या दोन बायका थांबून बघायला लागल्या. बाराव्याला काका वळले आणि तिकडूनच ओरडले, "बघ! चनबसप्पाएवढी हायत का न्हाईत?" होती. अगदी आप्पांएवढी होती. राजेश्वरीनं ते अंतर पाहिलं. पहिल्या दीड-दोन पावलांत कट्टा. मग मोकळी माती, तिच्यावर ऊन, विहिरीकडून येणारं वारं, उजव्या हाताला अव्वा. सातव्या पावलाशी तिची जागा झाली असती. ती निघण्याच्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि काकांच्या फरशा मोजत मोजत सातव्यापर्यंत गेली. पिशवी बाजूला ठेवली. साडी सावरून खाली बसली, मांडी घालून, पाठ ताठ, तोंड देवळाकडं. त्या दोन बायकांना वाटलं, जपाला बसली, त्या पुढं गेल्या. दगड गार होता. बसायला चांगली जागा होती. ती आता कुठंच नव्हती.

तिनं फोन लावला.

"हं आक्का, बोल," गुरूचा आवाज आला. मागं कुठंतरी मशीन चालू होतं. "जेवलीस का?"

"गुरू, टोपीवाल्या साहेबाच्या पोरांची गोष्ट आठवते का तुला?"

समोर, बाराव्या पावलावरून, काका उलट यायला निघाले होते, तसेच मोजत. ओंदु, येरडु. ती त्यांच्या पायांकडं बघत होती. गुरूला तिनं बाराखडीपासून शिकवलं होतं. उत्तर खरंच येत नसलं की तो पटकन, मान उडवून, येत न्हाय म्हणायचा, तो कधी थांबला नाही. थांबायचा तो उत्तर येत असलं आणि सांगायचं नसलं की. मूरु, म्हणाले काका. नाल्कु. ऐदु. ते तिच्यापाशी येऊन पोचले आणि तेव्हा कुठं फोनमधून आवाज आला, "कुटली गं?"

तिनं बसल्या जागेची फरशी तळहातानं पुसली.

"आक्का? आवाज येतोय का? कुटं हायस तू?"

"सातव्या पावलावर बसलेय," राजेश्वरी म्हणाली.

म्हणजे काय, असं गुरूनं विचारलं नाही. मागचं मशीन बंद झालं, कुणीतरी त्याला हाक मारली, त्यानं ओ दिली नाही. फोन चालू राहिला.

काका वाकून हात पुढं करून उभे होते. "ऊठ, राजव्वा. फरशी लई गार हाय," ते म्हणत होते. "निधान. निधान ऊठ." राजेश्वरीनं फोन कानाला तसाच ठेवला आणि त्यांचा हात धरला नाही.